फिट्स येणाऱ्या मुलाचं वागणं बदललं तर कारण कसं शोधायचं

अपस्मार असलेलं मूल एकाएकी चिडायला, मारायला किंवा गप्प बसायला लागलं की त्याला हट्टी ठरवण्याआधी एक वही करा. दोन-तीन आठवडे रोज लिहा: किती वाजता काय झालं, आदल्या रात्री झोप किती झाली, औषध कधी दिलं, फिट कधी आली. बरेचदा कारण या वेळांतच सापडतं.

काही मुलं फिट येण्याच्या काही तास आधीपासून किरकिरी होतात. फिटनंतर मूल काही मिनिटं, कधी काही तास गोंधळलेलं असतं. तेव्हा हात घट्ट धरला तर ते ढकलतं, ओरडतं. तो राग नव्हे, त्याला अजून भान आलेलं नसतं. आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि हळू आवाजात बोलत जवळ थांबा.

शाळेतून ‘लक्षच नसतं’ अशी तक्रार आली तर ॲबसेन्स फिटची शंका घ्या. मूल बोलता बोलता थांबतं, नजर खिळते, पापण्या फडफडतात, खांद्याला हात लावला तरी कळत नाही. 5 ते 15 सेकंदांत सगळं पूर्ववत. तंद्रीतलं मूल हात लावताच वळून बघतं. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

आता वहीत औषधाच्या तारखा बघा. लेव्हेटिरासिटाम हे फिट्सवरचं औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही मुलांत चिडचिड, रडू, आक्रमकपणा दिसतो. फेनोबार्बिटोनने लहान मुलं सुस्त होण्याऐवजी चळवळी होऊ शकतात. टोपिरामेटवर नेमका शब्द आठवेनासा होतो, आणि बिचाऱ्या मुलाला वर्गात आळशी म्हणतात. तारखा जुळल्या तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. औषध अचानक तोडलं तर न थांबणारी फिट येऊ शकते. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, ते डोस टप्प्याटप्प्याने बदलतील.

वेळा कशाशीच जुळत नसतील तर अतिचंचलता (एडीएचडी), चिंता, नैराश्य यांची तपासणी मागून घ्या. अपस्मारात ही दुखणी इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात आणि त्यांवर उपचार आहेत. फिट्स आहेत म्हणून एडीएचडीचं औषध चालतच नाही, हा गैरसमज आहे. न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली मेथिलफेनिडेट हे त्यावरचं औषध सहसा देता येतं.

घरातले नियम भावंडांना तेच यालाही. पोहताना मात्र शेजारी मोठं माणूस हवंच.

‘मी नसलो तर बरं’ असं मूल म्हणालं, किंवा लागोपाठ फिट्सनंतर एक-दोन दिवसांनी भास, विचित्र संशय सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तोवर मुलाला एकटं सोडू नका, घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा.