काचेला फिल्म लावण्याआधी: खरं काम धुण्याचंच

नागपूरचा मे महिना, पारा ४५ वर. गाडीच्या बाजूच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावली आणि दुसऱ्याच दिवशी खालच्या कडेला खसखशीएवढे फुगे दिसू लागले. नखाने एक कोपरा उचलून पाहिला, तर आत धूळ आणि फडक्याचा धागा! सगळी फिल्म काढावी लागली, फार जीवावर आलं.

दुसऱ्यांदा आधी गाडी सावलीत घेतली, पंखा बंद केला. काच आतून बेबी शाम्पूच्या पाण्याने भिजवली आणि नवं ब्लेड अगदी आडवं धरून फिरवलं. काच स्वच्छ वाटत होती, तरी ब्लेडवर करडा चिकट थर जमला. मागच्या काचेवर मात्र ब्लेड नको, डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) तारा तुटतात.

मग काच बोटभर खाली करून वरची कड पुसली. खरी घाण खालच्या रबरी पट्टीत असते. तिथे पाणी मारलं की माती वर येते, म्हणून पट्टी आधी धुवा, काच शेवटी. सुती फडकं टाळा, हातातल्या रबरी वायपरने पाणी ओढा.

फिल्म घेताना नियमही बघा: बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के, पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.