धुळीचं वादळ येतंय हे आधी कसं ओळखायचं आणि घरच्या घरी कसं मोजायचं

१३ मे २०२४ ची दुपार आठवतेय ना, घाटकोपरला होर्डिंग पडलं तो दिवस. आम्ही ठाण्यात मानपाड्याला सातव्या मजल्यावर, आई दोरीवरचे कपडे काढायला बाल्कनीत गेली आणि समोरचे येऊरचे डोंगरच दिसेनात, सगळं पिवळट-तपकिरी. खिडक्या लावेपर्यंत घरात धुरळा भरला, तिला दम्याचा त्रास, ती रात्र नेब्युलायझर लावून काढली. तेव्हापासून मी हे मनावर घेतलंय, जे कळलं ते लिहितो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की आपल्याकडे धूळ दोन वेगळ्या वाटांनी येते. एक वळवाची. एप्रिल-मे मध्ये दुपारी मोठे ढग चढतात, त्यातून थंड हवा जोरात खाली आदळते आणि पसरताना जमिनीवरची माती उचलते, आणि आपल्याकडे घोडबंदर रोडपासून उलव्यापर्यंत खोदकाम चालू असल्यावर मातीला काय तोटा. हे थोड्या वेळात येतं नि जातं. दुसरी बाहेरची धूळ, २३ जानेवारी २०२२ ला आली तशी, पाकिस्तानकडून अरबी समुद्र ओलांडून, गाड्यांवर पांढरट थर बसला होता बघा. ती सावकाश येते, म्हणून आधी दिसते.

आता मोजायचं कसं. एसडीएस०११ किंवा पीएमएस५००३ असला लेझर सेन्सर ऑनलाइन मिळतो, आत छोटा पंखा हवा ओढतो, कणांवर लेझर पडून प्रकाश विखुरतो त्यावरून हवेत कण किती याचा आकडा काढतो. नोडएमसीयू या छोट्या वायफाय बोर्डाला जोडला की वायफायवर रीडिंग. बाल्कनीत सावलीत लावा, पाऊस लागणार नाही असा, स्वयंपाकघराची खिडकी, अगरबत्ती, मच्छर कॉइल यापासून लांब. माझा आधी फोडणीच्या वासाच्या वाटेत होता, रोज सकाळी नऊला आकडा उडायचा, मला वाटायचं ट्रॅफिक! एसडीएस०११ चा लेझर साधारण ८००० तास चालतो, म्हणजे सतत चालू ठेवला तर वर्षही निघत नाही, म्हणून दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट चालवा.

पण खरी गोम इथे आहे. हे सेन्सर धुरासारखे बारीक कण बरे पकडतात, मातीचे जाड कण नाहीत. म्हणजे धुळीच्या वादळात पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतचे कण; पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक) आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसू शकतो आणि आपण निवांत बसतो. उलट पावसाळ्यात, दमट हवेत, कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच जास्त येतो. त्यामुळे घरचा सेन्सर चढ-उतार बघायला वापरा, पीएम १० साठी सरकारी स्टेशन बघा, ठाण्यात पिंपळेश्वर मंदिराजवळ आहे, नवी मुंबईत ऐरोली, नेरुळ, महापे. आणि तिथेही एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बघू नका, तो २४ तासांच्या सरासरीवर निघतो, अर्ध्या तासाचं वादळ त्यात विरघळून जातं. तासाचा पीएम १० आणि पीएम २.५ बघा. पीएम १० एकदम वर गेला आणि पीएम २.५ त्याच्या पाव ते एक तृतीयांश असेल तर माती, निम्म्याहून बराच जास्त असेल तर धूर. (आपल्याकडची २४ तासांची मर्यादा पीएम १० ला १०० आणि पीएम २.५ ला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.)

अंदाजाचं म्हणाल तर बाहेरच्या धुळीसाठी युरोपची कोपर्निकस ही हवेवर लक्ष ठेवणारी सेवा पाच दिवस पुढचं दाखवते, विंडी या हवामानाच्या साइटवर धुळीचा लेयर लावला तरी चालतं. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची प्रणाली) जातोय, आपल्याकडे वायव्येचा वारा आहे आणि सिंध-बलुचिस्तानवर धूळ दिसतेय, हे तिन्ही जुळलं की मी दोन दिवस आधीच आईची औषधं बघून ठेवतो. युमेटसॅट या युरोपच्या हवामान उपग्रह संस्थेच्या डस्ट चित्रात धूळ गुलाबी दिसते, रात्रीसुद्धा.

वळवाच्या वादळाला मात्र दोन दिवस आधीचा अंदाज फक्त शक्यता सांगतो, त्यावर विसंबू नका. त्या दिवशी दुपारी बारापासून हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा अंदाज (नाऊकास्ट) आणि मुंबईचं रडार उघडून ठेवा, बऱ्याचदा ढग मुरबाड-कर्जतकडून सरकत येतात. विजा कुठे आहेत ते दाखवणाऱ्या दामिनी अ‍ॅपवर विजा जवळ यायला लागल्या की थांबू नका, कपडे आत, खिडक्या बंद, फटीत ओलं फडकं, दम्याच्या माणसाला आतल्या खोलीत. वादळ गेल्यावरही लगेच झाडू मारू नका, ओल्या फडक्यानेच पुसा, नाहीतर बसलेली धूळ परत हवेत.