‘हायपरबोलिक’ म्हणजे नक्की कोणतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी फळ्यावर ठणकावून लिहिलं: संमिश्र प्रतलातून ० आणि १ हे दोन बिंदू काढले की उरतं ते हायपरबोलिक, म्हणून त्यावर ग्रीन फंक्शन (एका बिंदूपाशी लॉगसारखं अनंताकडे जाणारं, बाकी सगळीकडे हार्मोनिक असलेलं धन फंक्शन) आहे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “कोणत्या अर्थानं हायपरबोलिक?” मला प्रश्नच कळला नाही. संध्याकाळी दादरला डोंबिवली फास्ट आली, मी चढलेच नाही. मागची स्लो घेतली. घरी लवकर पोचायचंच नव्हतं.

खड्डा असा आहे. काही पुस्तकं रीमान पृष्ठाला (संमिश्र मिती एकच्या पृष्ठाला) हायपरबोलिक म्हणतात ते युनिव्हर्सल कव्हर, म्हणजे त्याला वरून गुंडाळणारं भोकं नसलेलं पृष्ठ, चकती असेल तेव्हा. जुनी फंक्शन थिअरीची पुस्तकं म्हणतात ते ग्रीन फंक्शन असेल तेव्हा. शब्द एकच, आणि बहुतेक लेखक सांगत नाहीत की आपण कुठल्या गावचे. माझ्या उदाहरणात कव्हर चकतीच आहे. पिकारचं १८७९ चं छोटं प्रमेय (पूर्ण प्रतलावरचं अचल नसलेलं होलोमॉर्फिक, म्हणजे संमिश्र अर्थानं अवकलनीय, फंक्शन फार तर एकच किंमत चुकवतं) त्यातूनच निघतं. पण ग्रीन फंक्शन नाही! प्रतलात स्वैर भटकणारा ब्राउनियन कण सुरुवातीच्या जागेजवळ पुन्हा पुन्हा येतो, आणि काढलेल्या दोन बिंदूंवर तो आदळण्याची शक्यता शून्य. म्हणजे त्यांतून त्याला निसटायला वाट नाही. ग्रीन फंक्शन मोजतं ते निसटण्याआधी कण एखाद्या जागेजवळ सरासरी किती वेळ घालवतो ते; वाट नाही, तर तो वेळ अनंत, म्हणून ग्रीन फंक्शनही नाही. हे मला तीन आठवडे लागले. तुम्हाला तीन दिवस लागले तरी लाज वाटू देऊ नका.

कोबायाशींची व्याख्या (१९६७) त्यामानानं सरळ: चकत्यांच्या साखळ्यांनी अंतर मोजा, वेगळ्या बिंदूंमध्ये ते शून्य होत नसेल तर हायपरबोलिक. रीमान पृष्ठांवर ती कव्हरच्या व्याख्येशी जुळते. ब्रोडी (१९७८) म्हणतात, कोबायाशींच्या अर्थानं हायपरबोलिक असायला प्रतलातून येणारा अचल नसलेला होलोमॉर्फिक नकाशा (फंक्शन) नसणं पुरेसं आहे, पण फक्त जागा कॉम्पॅक्ट (गोलासारखी बंदिस्त, कड किंवा निसटती टोकं नसलेली) असेल तर. हा ‘पण’ गिळू नका.

ग्रोमोव्ह (१९८७) मात्र वेगळाच माणूस. त्यांना दुरून दिसणारे सडपातळ त्रिकोण (प्रत्येक बाजू उरलेल्या दोन बाजूंच्या ठरावीक अंतरात राहते असे) हवेत, जवळचं काही दिसत नाही. म्हणून गोलही त्यांच्या लेखी हायपरबोलिक, कारण तो मर्यादित आहे! उलट दोन चकत्यांचा गुणाकार कोबायाशींच्या अर्थानं हायपरबोलिक, ग्रोमोव्हच्या अर्थानं नाही. (‘सरफेस’ शब्दही असाच लबाड: संमिश्र मिती एक की दोन, आधी विचारा.)

दीडपट वेगानं व्हिडिओ पाहून हा विषय येतो, हे मला मान्य नाही. गाइड “हे उघडच आहे” म्हणाले की समजा, खड्डा तिथेच आहे. बारावीत ‘अपास्त’ मराठीतून शिकलेल्यांनी तर अजिबात घाबरू नये; इथे त्या वक्राचं फारसं काम पडत नाही.

वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखा: गोल, प्रतल, टोरस (मेदूवड्याचं पृष्ठ), चकती, दोन बिंदू काढलेलं प्रतल. पुढे रकाने: कव्हर, कोबायाशी, ग्रीन, ग्रोमोव्ह. शेवटची ओळ जीनस २ च्या (दोन भोकांच्या) कॉम्पॅक्ट पृष्ठाची: कव्हर चकती, कोबायाशी हो, ग्रीन नाही, ग्रोमोव्ह हो पण फुकटात. ही ओळ न बघता भरता आली की मग ब्रोडीची सिद्धता उघडा.