नाव कानात सांगण्याआधी

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मला तो तीनदा मिळाला. पहिल्या वेळी भावजयीने मोबाइलवरून निवडलेलं 'आरव' मी कानात सांगितलं, कुर्रर्र केलं आणि जमलेल्या बायकांना अर्थही सांगून टाकला: शांत. पुढे चोपड्याला शाळेत सातवीला शिकवताना 'पाखरांचा कलरव' असे शब्द आले. रव म्हणजे आवाज, हे फळ्यावर लिहितानाच माझा हात थांबला. आवाज नाही तो 'नीरव'. मग आरव शांत कसा? घरी येऊन आपट्यांचा संस्कृत कोश पाहिला. आरव म्हणजे ध्वनी, ओरडणं. नाव छानच आहे, पण चारचौघांत मी चुकीचा अर्थ सांगितला, ही गोष्ट मला फार लागली. तेव्हापासून बारशाआधी मी स्वतः शोध घेते. कसा, ते सांगते.

नाव हातात आलं की आधी ते फोडायचं. उपसर्ग कुठला, मूळ शब्द कुठला, आणि तो शब्द आपण बोलण्यात आणखी कुठे वापरतो? शेवटी 'अंश' किंवा 'ईश' दिसला म्हणून नाव संस्कृत ठरत नाही. पुढचा तुकडाही कोशात सापडला पाहिजे. आपट्यांचा आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी, हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची, त्यामुळे आपल्या आजी-पणजीच्या तोंडचे शब्द त्यात हमखास भेटतात. नावांच्या याद्यांवर मी विसंबत नाही, कारण एकीत चूक झाली की तीच सगळीकडे उतरवली जाते.

शब्द आपल्याकडचा नसेल तर कुठल्या भाषेतून आला ते विचारायचं. सध्या मुलींचं 'किआरा' फार ऐकू येतं. इटालियन 'कियारा' लॅटिनमधून आलं, अर्थ उजळ. आयरिश 'किएरा' मात्र 'काळा' या अर्थाच्या शब्दावरून आलं. कानाला जवळजवळ एकच, अर्थ उलटे. म्हणून घरच्यांनी ठरवायचं की आपण कुठलं घेतोय. उलट, कधी वेगळी वाटणारी नावं एकाच घरची निघतात. जॉन, इव्हान आणि याह्या ही तिन्ही हिब्रू 'योहानान'ची रूपं, देवाची कृपा झाली अशा अर्थाची.

यानंतरचं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: घरातली जुनी नावं गोळा करायची आणि ती का ठेवली ते म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. मी वही घेऊन अमळनेरला काकूंजवळ बसले होते. आमच्या गल्लीत एक दगडूबापू होते. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हा तरी दगडासारखा टिकावा, कोणाची नजर लागू नये, यासाठी ते नाव. भिकन (भीक मागून मिळालेला), उखर्डू (उकिरड्यावरचा) ही नावंही अशीच धास्तीतून आलेली. तुर्कस्तानात मुलाचं 'दुरसुन' ठेवतात, म्हणजे राहो, थांबो. चीनच्या खेड्यांत 'कुत्र्याने टाकलेलं' अशा अर्थाचं नाव ठेवायचे. लेकरू जगावं म्हणून आई-बाप कुठेही हेच करतात, हे कळल्यावर मला 'दगडू'ला हसणारी माणसं सहन होत नाहीत.

मुलींची एक दुखरी बाजू आहे. आपल्याकडे 'नकुशा', तुर्कीत 'येतेर', म्हणजे पुरे. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींची नावं समारंभाने बदलली. तुमच्या घरात असं नाव असेल तर त्या बाईला आधी विचारा; तिला ते नाव हवं आहे की नको, हे तिनेच सांगावं.

वारावरून पडलेली नावंही वहीत येतील: सातपुड्याच्या पायथ्याला मंगा, बुध्या, शुक्र्या. घानातही तसंच, कोफी म्हणजे शुक्रवारचा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान 8 एप्रिल 1938 ला जन्मले, तो शुक्रवारच होता.

नावरसाचं, म्हणजे जन्मनक्षत्रावरून येणारं अक्षर पाळायचं असेल तर नक्षत्राचा चरण विचारून घ्या. रोहिणीच्या चार चरणांना ओ, वा, वी, वू. स्वातीला रू, रे, रो, ता. एवढं पुरतं.

नाव ठरलं की देवनागरीत आणि इंग्रजीत एकदाच नीट लिहून आई-बापाकडून तपासून घ्या आणि तेच जन्मनोंदणीत द्या. नावाशिवाय नोंद झाली असेल तर बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून.

तिसऱ्या बारशाला भावाला मुलगी झाली होती. माझ्या वहीत पहिलंच नाव आजीचं होतं: तापी. सूर्याची लेक, यमुनेची बहीण, आमच्या शेतापलीकडून वाहणारी. भावजयीने वही दोनदा वाचली. मग गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, मी पाळण्यात वाकले आणि तेच नाव सांगितलं. मागून काकूंनी अहिराणीत विचारलं, "पोरीनं नाव काय ठेवं?" या वेळी अर्थ मी न अडखळता सांगितला.