रिसेप्शनच्या संध्याकाळी कपड्यांनी दगा देऊ नये म्हणून

रिसेप्शनला निघायला अर्धा तास उरलेला असताना ब्लाउजचा जो हुक तुटतो, तो मागच्या लग्नातच सैल झालेला असतो. ब्लेझरचं बटण, सँडलचा पट्टा, साडीचा फॉल, सगळ्यांचं तेच. घरी आपण कपडे बघतो ते आरशासमोर ताठ उभं राहून, पोट आत घेऊन, दोन मिनिटं. कार्यक्रमात मात्र गाडीवर बसायचं असतं, जिना चढायचा असतो, थोरामोठ्यांच्या पाया पडायला वाकायचं असतं, कुणाचं तरी पोर कडेवर घ्यायचं असतं आणि शेवटी गर्दीत ताट सांभाळायचं असतं. तेव्हा कपड्यांची परीक्षा घरीच, आधी घेऊन टाकायची.

आठ दिवस आधी: सगळं एकदम घालून बघा

सगळं म्हणजे सगळं. त्या दिवशीचाच परकर, तोच ब्लाउज, त्याच चपला, तेच दागिने. मग खुर्चीत बसा, मांडी घाला, वाका, दोन्ही हात डोक्यावर न्या आणि जिन्याच्या चार पायऱ्या चढा. जिथे ओढ बसते तिथेच ऐनवेळी उसवणार. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की कोल्हापुरात राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत कुठलाही टेलर ‘उद्या या’ असंच म्हणतो, त्यामुळे हे काम आदल्या दिवसावर ठेवून चालत नाही.

ब्लाउज काखेत घट्ट झाला असेल तर उलटा करून बाजूची शिवण बघा. चांगल्या टेलरने आत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असते आणि बहुतेकदा दोन-तीन टिपा मारलेल्या असतात. अंगालगतची एक टीप उसवली की ब्लाउज अर्धा-पाऊण इंच सैल होतो. रेशमावर जुन्या टिपेची छिद्रं दिसतात, पण काखेत कोण बघतंय! हुक मात्र एकेक ओढून तपासा आणि सैल वाटला तो दुहेरी दोऱ्याने पक्का करा. सगळ्यात जास्त ताण छातीवरच्या हुकावर येतो, तरी आपण हमखास खालचाच शिवत बसतो.

जुनी पैठणी किंवा आईचा शालू नेसणार असाल तर तो पूर्ण उलगडून उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवलेलं रेशीम घडीच्या रेषेवर विरतं, जरही तिथेच तुटते. रेषेवर बारीक चिरा दिसल्या तर ती साडी त्या संध्याकाळी नेसू नका. हे सांगायला वाईट वाटतं, पण अशी साडी बसता-उठता टर्रकन जाते आणि मग रफूवालाही हात वर करतो. ओढणी किंवा दुपट्टा म्हणून तिचे काठ वापरता येतील.

फॉलही आत्ताच बघून घ्या. घाईत लावलेल्या फॉलचे टाके लांब असतात. त्यांत जोडवी अडकतात, हुपरीच्या पैंजणाचा फासा अडकतो आणि पाय पुढे टाकला की हातभर फॉल सुटून येतो. पायाजवळचा भाग बारीक टाक्यांनी परत शिवला की झालं.

पुरुषांची यादी आखूड आहे. नव्या ब्लेझरच्या मागच्या कापाला फुलीसारखा टाका असतो. तो दुकानात कपडा नीट राहावा म्हणून घातलेला असतो, कापून टाकायचा. बाहीवरचं कंपनीचं लेबलही तसंच. ते मिरवत फिरणारे लोक प्रत्येक लग्नात दिसतात. दोन बटणांचा ब्लेझर असेल तर खालचं बटण लावायचं नाही, बसताना दोन्ही उघडायची. पँट घालून एकदा उकिडवं बसून बघा, मागची शिवण तिथेच खरं-खोटं सांगते.

बुटांकडे मात्र जास्त लक्ष द्या. वर्षभर खोक्यात पडलेले बूट वरून नवेकोरे दिसतात, पण काही कृत्रिम तळवे हवेतल्या दमटपणाने आतून कुजतात आणि चार पावलं टाकली की त्यांचा भुगा पडायला लागतो. कोल्हापूरचा पावसाळा लक्षात घेता हे इथे नवल नाही. घरातच पंधरा-वीस मिनिटं घालून फिरा. तळवा सुटायचा असेल तर घरीच सुटू दे.

कोल्हापुरी घालणार असाल तर

नवी कोल्हापुरी चावते, त्याला इलाज एकच: आठ दिवस आधीपासून रोज घरात थोडा वेळ वापरायची. अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल तेलाचं बोट फिरवलं की चामडं मऊ पडतं. तेल पुसून घ्या, नाहीतर डाग साडीच्या काठाला लागतो. आणि लॉनवरचं लग्न असेल तर नीट विचार करा. संध्याकाळी पाणी मारलेल्या हिरवळीवर चामड्याचा तळ ओल धरून फुगतो. टोकदार टाचेची सँडल तर त्याच हिरवळीत रुतून बसते, तीही नको. अशा ठिकाणी रुंद टाचेची सँडल बरी. चप्पल लाईनीत खरेदी करायची असेल तर संध्याकाळी जा. दिवसभराच्या चालण्याने पाय किंचित सुजलेला असतो, त्याच मापाची चप्पल कार्यक्रमात सोसते.

दोन दिवस आधी: दागिन्यांचे दोरे

साज आणि ठुशी सोन्याची असली तरी ती लटकते दोऱ्यावर. मानेमागचा दोरा घामाने कुजतो, गोंड्याजवळ आधी विरतो. बोटाने ताणून बघा. तंतू सुटलेले दिसले तर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, किंवा तुमच्या नेहमीच्या पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते, म्हणून तो गरम इस्त्रीशेजारी ठेवू नका. अत्तर किंवा सेंट आधी मारायचं आणि वाळल्यावरच दागिने घालायचे, मोत्यांसाठी आणि जरीसाठीसुद्धा.

दाबाची नथ जेवताना पडते. ताटात पडली तर नशीब, नाहीतर हिरवळीत शोधत बसा. जेवायला जाताना ती काढून डबीत ठेवलेली बरी.

नेसताना

आधी चप्पल घाला, मग साडी नेसा. हा क्रम उलटा झाला की साडी एकतर जमिनीवर लोळते किंवा घोट्याच्या वर चढते. सळसळीत रेशमाखाली सॅटीनचा परकर नको, सुती हवा, म्हणजे निऱ्या घसरत नाहीत. नाडीची गाठ पोटावर न घेता कुशीला घ्या.

आता पिना. ब्युटी पार्लरमध्ये हल्ली जागोजागी पिना टोचतात आणि साडी अंगाला चिकटवल्यासारखी बसते. फोटोला छान. पण कुणाचा पाय पदरावर पडला की मोकळी साडी सरकते आणि पिनांनी जखडलेली फाटते. खांदा, निऱ्या आणि हवी असल्यास कमरेची बाजू, एवढ्या जागा पुरतात. खांद्याची पिन ब्लाउजच्या आतून घ्या आणि ती काठातून जाऊ दे, तलम अंगातून नको. पिनेच्या वळणाकडच्या टोकात कापड अडकून भोक पडतं, ते टाळायला पिन लावण्याआधी तिच्यात एक छोटा मणी ओवायचा. मणी वळणाशी जाऊन बसतो आणि कापड तिथवर पोचतच नाही.

शिवलेली तयार नऊवारी घालत असाल तर कासोट्याची शिवण दुहेरी करून घ्या. मांडी घालताना पहिली तीच सुटते. आतून गुडघ्यापर्यंतची तंग चड्डी असली की निम्मी काळजी मिटते.

गाडीवरून जाताना

इथे गंमत नाही. पदर किंवा ओढणी मागच्या चाकात गेली तर फाटण्यावर निभावत नाही, माणूस पडतो. पदर पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचा, ओढणी पर्समध्ये ठेवा आणि साडीगार्ड नसलेल्या गाडीवर साडी नेसून बसूच नका. रिक्षा करा. फेटा बांधलेला असेल तर हेल्मेट बसणार नाही, तेव्हा फेटा कार्यालयात पोचल्यावर बांधून घ्या.

तिथे गेल्यावर काही झालंच तर

करवलीच्या पर्समध्ये एक छोटी पिशवी असू दे: लहान-मोठ्या पिना, हुक, कात्री, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, चप्पल चावली तर लावायला बँडेज, टाल्कम पावडर आणि मेणबत्तीचा तुकडा. सुया घरूनच दोरा ओवून न्या, काळा, पांढरा आणि साडीच्या रंगाचा. कार्यालयाच्या खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली चष्म्याशिवाय सुई ओवणं कुणालाच जमत नाही.

चेन अडकली तर ओढू नका. बहुधा अस्तराचा धागा रनरमध्ये गेलेला असतो. तो बाजूला ओढून धरा, रनर थोडा मागे घ्या आणि दातांवर मेणबत्ती घासा. चेन लावली तरी मागून उघडत असेल तर रनर झिजलाय. त्या रात्रीपुरत्या आतून पिना लावा, दुरुस्ती नंतर. पँटची शिवण गेली तर खोलीत जाऊन आतून धावदोरा घाला. सुईदोरा नसेल तर चिकटपट्टीवर जेवणापर्यंत निभतं.

तांबड्या रश्श्याचा थेंब पडला की सगळे पाणी घेऊन धावतात. थांबवा त्यांना. रश्श्याचा डाग मुळात तेलाचा असतो, पाण्याने चोळला की पसरतो आणि रेशमावर वर पाण्याची कडही उमटते. टिशूने फक्त टिपा, भरपूर टाल्कम पावडर टाका, दहा मिनिटांनी झटका. पांढऱ्या रश्श्यालाही हेच, त्यातही खोबऱ्याचा स्निग्धपणा असतोच. सुती सदऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि तो साबण लावताच लालभडक झाला तर घाबरू नका. साबणातल्या अल्कलीने हळद रंग बदलते. धुऊन उन्हात टाकला की डाग फिका पडत जातो. रेशमावर मात्र हा प्रयोग नको.

घरी आल्यावर

कितीही दमला असलात तरी आधी सगळ्या पिना काढा. विसरलेली पिन गंजली की तिचा डाग सहसा निघत नाही. साडी लगेच घडी घालून कपाटात ठेवू नका, घाम वाळेपर्यंत रात्रभर सावलीत पसरून ठेवा. सकाळी घडी नव्या रेषेवर घाला आणि साडी सुती कापडात गुंडाळा. डाग असेल तर तिथे दोऱ्याचा एक टाका घालून खूण करा आणि ड्रायक्लिनिंगवाल्याला तो कशाचा आहे ते स्पष्ट सांगा, कारण तेलाला आणि सरबताला तो वेगवेगळं औषध लावतो.