जलचक्राचा प्रयोग फसतो कुठे? या चुका टाळा

बरणीत गरम पाणी, वर ताटलीत बर्फ आणि मध्ये ढग. जलचक्राचं हे प्रात्यक्षिक सगळ्यात जास्त केलं जातं आणि सगळ्यात जास्त फसतंही तेच. काच नुसती धुरकट होते, नाहीतर काहीच घडत नाही. साहित्य बहुधा ठीकच असतं, समजुतीत कुठेतरी खोट असते. म्हणून खाली चूक आणि तिच्यामागचं कारण दोन्ही सोबतच दिलं आहे.

बरणीतला ढग

पहिली चूक म्हणजे उकळतं पाणी ओतणं. एक तर काच तडकू शकते. शिवाय भिंती आतून क्षणात धूसर होतात आणि पुढचं काही दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे, पाणी उकळल्याशिवाय त्याचं बाष्प होत नाही ही समजूत पक्की होते. उकळणं ठरावीक दाबाला ठरावीक तापमानावर होतं. बाष्पीभवन मात्र पृष्ठभागावरून कुठल्याही तापमानाला चालूच असतं. बर्फावरूनसुद्धा थेट बाष्प निघतं, त्याला संप्लवन म्हणतात.

एक लिटरच्या बरणीत ५५ ते ६० अंश सेल्सिअसचं पाणी, तेही तळापासून २-३ सेंमी उंचीपर्यंत, पुरे होतं. ते आधी बरणीत घोळवून भिंती कोमट करून घ्या, म्हणजे बाष्प भिंतींवर अडकणार नाही. तोंडावर स्टीलची उथळ ताटली नीट बसवा. प्लॅस्टिकचं झाकण नको, त्यातून उष्णता हळू जाते. ताटलीत बर्फाचे तुकडे आणि चमचाभर मीठ घाला. मिठामुळे मिश्रणाचं तापमान शून्याच्या खाली उतरतं.

एवढं करूनही ताटलीखाली नुसते थेंब जमले आणि ढग दिसला नाही, तर कमतरता कणांची आहे. हवेतल्या बाष्पाला थेंब धरायला आधार लागतो: धूळ, मिठाचे कण, धूर. खोलीतल्या हवेत असे कण असतातच, पण ढग डोळ्यांना दिसण्याइतका दाट व्हायला ते कमी पडतात. काडी पेटवून विझवा, ताटली जराशी उचलून तिचा धूर आत सोडा आणि लगेच झाका. बरणीमागे काळा कागद धरा आणि बाजूने टॉर्च मारा. धूर हवा तेवढाच सोडा. जास्त झाला तर समोर दिसतं ते ढग की धूर, हे सांगता येत नाही.

मग हमखास शंका येते की वरचा बर्फ पाझरला असेल. तोंडी समजावत बसू नका. खाण्याचा रंग घालून बर्फ गोठवा. ताटलीखालचे थेंब बिनरंगाचे निघाले की शंका मिटली. दुसऱ्या फेरीत रंग बरणीतल्या पाण्यात घाला. थेंब तरीही स्वच्छच येतात, कारण बाष्पीभवनात पाणी तेवढं वर जातं आणि रंग, मीठ खाली राहतं. समुद्र खारा असून पाऊस गोडा का, याचं उत्तर त्याच थेंबात आहे. ताटलीच्या बाहेरच्या कडेवर जमलेलं पाणी मात्र खोलीतल्या हवेतलं असतं. ते पुसून टाका, नाहीतर हिशेबात घोळ होतो.

आणखी एक: 'वाफ दिसली' असं लिहू नका. पाण्याचं बाष्प अदृश्य असतं. उकळत्या किटलीच्या तोंडाशी नीट पाहा. तोंडाला लागून थोडी जागा रिकामी दिसते, पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. ती रिकामी वाटणारी जागा म्हणजे खरं बाष्प, आणि पांढरं दिसतं ते पुन्हा द्रव झालेले थेंब. ढगाचंही तेच आहे. ढगातला थेंब साधारण ०.०२ मिमी व्यासाचा असतो आणि स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम सेंटीमीटरभर खाली येतो. वर जाणारी हवा त्याला सहज तोलून धरते. २ मिमीचा पावसाचा एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, म्हणून प्रत्येक ढग बरसत नाही. बरणीत तर तेवढी उंचीही नसते आणि वेळही. तिथे जे पडतं ते ताटलीवरून ओघळलेलं पाणी असतं. त्याला पाऊस म्हणायला हरकत नाही, पण फरक सांगून.

मोजमापातल्या चुका

घरगुती पर्जन्यमापकात हटकून होणारी चूक म्हणजे बाटलीवर रुंद नरसाळं बसवून बाटलीतल्या पाण्याची उंची वाचणं. पाणी गोळा करतं नरसाळ्याचं तोंड, त्यामुळे भागायचं त्याच्या क्षेत्रफळाने. पाणी मिलिलिटरमध्ये मोजा, १० ने गुणा, तोंडाच्या चौरस सेंटीमीटरांनी भागा. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. १० सेंमी व्यासाच्या नरसाळ्याचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी असतं. त्यातून ११० मिली पाणी जमलं, तर पाऊस १४ मिमी झाला. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की हिशेब चुकला तर लगेच कळतं. मापक भिंतीला किंवा झाडाला खेटून ठेवू नका. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं.

बाष्पीभवन मोजताना पट्टीवर भरवसा नको, वजनकाटा वापरा. २० सेंमी व्यासाच्या भांड्यात पातळी एक मिमी उतरली की सुमारे ३१ ग्रॅम पाणी कमी होतं. पट्टीवर हे नीट वाचता येत नाही, काट्यावर स्पष्ट दिसतं. आणि भांड्यातला आकडा तलावाला जसाच्या तसा लावू नका. भांड्याच्या कडा उन्हाने तापतात, त्यामुळे त्यातून तलावापेक्षा जास्त पाणी उडतं. वेधशाळांतलं बाष्पीभवन मोजायचं प्रमाणित 'क्लास ए' पात्र १२०.७ सेंमी व्यासाचं असतं, तरी त्याचा आकडा तलावासाठी साधारण ०.७ ने गुणावा लागतो. पक्षी पाणी पितात म्हणून जाळी लावली तर बाष्पीभवनच कमी होतं, हा एक त्रास आहेच.

भूजलाचा पेटारा

पारदर्शक डब्यात वाळू आणि माती भरून मध्ये पोकळी ठेवायची आणि तिला 'भूगर्भातला तलाव' म्हणायचं, ही या नमुन्यातली सगळ्यात मोठी चूक. चुनखडीच्या गुहांसारखी ठिकाणं सोडली, तर भूजल कणांमधल्या फटींत आणि खडकांच्या भेगांत असतं. पोकळी काढून टाका. तळाला ३ सेंमी धुतलेली खडी, वर ८ सेंमी धुतलेली जाड वाळू, एका बाजूला उतार. न धुतलेल्या वाळूतली माती पाणी गढूळ करते आणि पातळी दिसेनाशी होते. विहीर म्हणून नळीच्या टोकाला कापडी जाळी बांधून ती वाळूत उभी करा. जाळी नसेल तर पहिल्याच उपशात वाळू चढून नळी बुजते.

पाणी वरून भसकन ओतलं की हवा आत कोंडते आणि वाळू पूर्ण भरत नाही. डब्याच्या कडेने एक नळी तळापर्यंत नेऊन पाणी खालून वर चढू द्या. किती मावलं ते मोजा: एक लिटर कोरड्या वाळूत साधारण ३०० ते ४०० मिली पाणी बसतं. मग तळाला भोक पाडून ते निथळू द्या आणि पुन्हा मोजा. घातलं तेवढं परत येत नाही. उरलेलं कणांना चिकटून राहतं. विहिरीला मिळतं ते फक्त निथळणारं पाणी, साठलेलं सगळं नाही.

हाच प्रयोग चिकणमातीवर करा. तिच्यात वाळूपेक्षा जास्त पाणी मावू शकतं, पण बाहेर जवळजवळ काहीच येत नाही, कारण तिच्या फटी अतिशय बारीक असतात. साठवण आणि वहन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रेंच अभियंते हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दीजों शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधीच्या कामात वाळूच्या स्तंभांतून पाणी सोडून वहनाचा नियम मांडला, तो आजही वापरात आहे. आता वाळूच्या डब्यात पुन्हा पाणी भरा. उताराच्या खालच्या टोकाला छोटा झरा दिसू लागला की विहिरीतून उपसा करा आणि झऱ्याकडे लक्ष ठेवा. तो आटतो. विहिरीचं आणि नदीचं पाणी वेगळं असतं या समजुतीला याहून चांगलं उत्तर नाही.

बर्फ आणि उष्णता

तरंगता बर्फ वितळल्यावर पातळी वाढते का, हे पाहताना खूण बर्फ घालण्याआधी केली तर प्रयोग वाया जातो. बर्फ तरंगू लागल्यावर खूण करा. साध्या पाण्यात पातळी हलत नाही, मिठाच्या पाण्यात किंचित चढते. जमिनीवरच्या बर्फासाठी तुकडे पाण्याबाहेर दगडावर ठेवा, मग चढ स्पष्ट दिसतो. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ७ मीटर चढेल आणि अंटार्क्टिकाचा वितळला तर सुमारे ५८ मीटर. तो जमिनीवर आहे म्हणूनच.

बर्फ वितळत असताना तापमापी शून्यावरच थांबला तर तो बिघडलेला नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात, आणि तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांनी तापलं असतं. बाष्प व्हायला तर १०० अंशांवर २,२६० ज्यूल लागतात. तापमान न वाढवता शोषली गेलेली ही उष्णता, म्हणजे अप्रकट उष्मा, बाष्पाचं पुन्हा पाणी होताना (संघननात) हवेला परत मिळते आणि ढग वाढायला तिचीच ताकद लागते. जलचक्राच्या तक्त्यांमध्ये बाण पाण्याचे असतात, उष्णतेचा एकही नसतो.

तक्ता काढताना

समुद्रावरून उठलेलं बाष्प सरळ डोंगरावर नेणारा एकच जाड बाण चूक आहे. त्यातलं सुमारे ९० टक्के पाणी पुन्हा समुद्रावरच पडतं. जमिनीवरच्या बाष्पातला मोठा वाटा झाडांच्या पानांतून येतो, तो बाण तर बहुतेक तक्त्यांत नसतोच. पाणी कुठे किती काळ थांबतं तेही लिहा: हवेत सुमारे ९ दिवस, समुद्रात सरासरी ३,००० वर्षांच्या आसपास, खोल भूजलात कधी हजारो वर्षं.

साठे दाखवायला एक लिटर पाणी घेतात आणि नद्यांसाठी चमचाभर वेगळं काढतात. हे प्रमाण पार चुकलेलं आहे. पृथ्वीवरचं सगळं पाणी एक लिटर मानलं, तर समुद्र ९६५ मिली भरतो आणि गोडं पाणी फक्त २५ मिली. बाकीचं खारं भूजल आणि खारी सरोवरं. त्या २५ मधलं सुमारे १७ मिली बर्फात आणि साडेसात मिली भूजलात आहे. गोड्या पाण्याची सगळी सरोवरं ड्रॉपरच्या जेमतेम दीड थेंबात येतात, हवेतलं बाष्प थेंबाच्या पाचव्या हिश्श्यात आणि नद्या तिसाव्या हिश्श्याहूनही कमी. नद्यांसाठी थेंबसुद्धा काढू नका. सुई पाण्यात बुडवून कागदाला टेकवा.

आणि प्रत्येक नदीचा बाण समुद्रापर्यंत ओढू नका. व्होल्गा कॅस्पियनला मिळते, जॉर्डन मृत समुद्राला (दोन्ही नावाला समुद्र, खरं तर बंदिस्त सरोवरं), तर आफ्रिकेतली ओकावांगो कालाहारी वाळवंटात पसरून संपते. तिथून पुढे पाण्याला मुख्य वाट हवेचीच, म्हणून त्या टोकाला बाण वर जाणारा काढायचा.