आई-वडिलांसाठी केअर सेंटर बघताय? या चुका टाळा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यातल्या दहा-पंधरा खाटांच्या लहान केअर सेंटरमध्ये माझं सतत जाणं-येणं असतं. पॅरालिसिस झालेले, खुब्याचं ऑपरेशन झालेले, स्मृतिभ्रंश असलेले वृद्ध तिथे असतात. त्यांना ठेवायला आलेली मुलं पुन्हा पुन्हा त्याच चुका करतात आणि त्या निस्तरायला म्हाताऱ्या माणसाचं शरीर पणाला लागतं.

रविवारी सकाळी अकराला, आधी फोन करून जाऊ नका. तोवर सगळ्यांच्या आंघोळी आणि चादरी उरकलेल्या असतात. मालक स्वतः हजर असतात. रात्री साडेआठनंतर जा, नाहीतर पहाटे सहाला. रात्रपाळीला किती पेशंटमागे किती मावशी आहेत, सिस्टर खरोखर जागेवर आहे की फोन केल्यावर येणार, हे तेव्हाच कळतं. एखाद्या पेशंटने हाक मारली तर कोण उठतं आणि किती वेळाने, तेही बघा. बाकीच्यांची झोपमोड नको म्हणून आत सोडत नसतील तर ते रास्त आहे. पण दाराशी उभं राहूनही बघू देत नसतील, तर मी माझ्या माणसाला तिथे ठेवणार नाही.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त छळते: एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरत राहणारी गादी, दिसला की निर्धास्त होणं.

एका केंद्रात खुब्याच्या ऑपरेशननंतर एक आजी आल्या होत्या. दुपारी चारच्या सुमारास मी व्यायाम घ्यायला गेले. कूस बदलल्याची नोंद ठेवायचा तक्ता भिंतीवर होता आणि त्यावर रात्री आठपर्यंतच्या खुणा आधीच करून ठेवलेल्या. डावी कूस, पाठ, उजवी कूस, सगळं व्यवस्थित. आजी मात्र सकाळपासून पाठीवरच होत्या. गादीला हात लावला तर ती सपाट. पंपाची पिन काढून तिथे कुणीतरी मोबाईल चार्जिंगला लावला होता. आजींना कुशीवर घेतलं तर माकडहाडाशी रुपयाएवढी जखम, वरची कातडी गेलेली. मुलाला बोलावून दाखवली तर तो म्हणाला, “पण मॅडम, एअर बेडचे वेगळे पैसे भरतोय आम्ही!” ती जखम भरायला कित्येक महिने लागले.

एअर बेडमुळे दाब विभागला जातो, पण म्हणून कूस बदलणं सुटत नाही. स्वतःहून हलता न येणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावीच लागते. म्हणून भेटायला गेलात की चादर बाजूला करा, मोजे काढा. माकडहाड, खुबे, टाचा आणि घोटे बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबा. दाब काढल्यावर क्षणभरही पांढरा पडला नाही, तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. सावळ्या रंगावर लाली कळत नाही. तिथे जांभळट छटा बघा, जागा गरम किंवा कडक लागते का ते हाताने चाचपा. वडिलांचं अंग बघायला मुलांना संकोच वाटतो, हे मी समजू शकते. पण तो संकोच बाजूला ठेवायलाच हवा.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. युरिन बॅग खाटेवर किंवा जमिनीवर पडलेली नको. ती कमरेपेक्षा खाली, पण अधांतरी लटकलेली हवी. नाकातल्या नळीने भरवताना डोकं उंच हवं आणि नंतरही किमान अर्धा तास तसंच राहायला हवं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. फिनेलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता नव्हे. कवळी आणि कानाचं यंत्र डब्यात पडून असेल, तर त्या माणसाशी कुणी बोलत नाही आणि त्याला नीट जेवूही घालत नाही. भेटीच्या वेळी आई दरवेळी गुंगीत असेल, तर झोपेचं औषध कुणी लिहून दिलं ते विचारा आणि चिठ्ठी मागा.

कागदांबाबत अर्धवट चौकशी करू नका. ट्रस्टची नोंदणी वेगळी आणि महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालची नोंदणी वेगळी. वैद्यकीय शुश्रूषा देतो असं सांगत असतील, तर ही दुसरी नोंदणी विचारा. त्या प्रमाणपत्रावर किती खाटांना परवानगी आहे ते वाचा आणि खोल्यांतल्या खाटा मोजा.

“उद्या डिस्चार्ज आहे, आज कुठलं तरी सुचवा,” असे फोन मला येतात. एका संध्याकाळी, तेही गुगलवरचे तारे मोजून, हे ठरवता येत नाही. हॉस्पिटलमधून दोन-तीन दिवस वाढवून घ्या, नाहीतर घरी तात्पुरती नर्स ठेवा. मग केंद्रात आधी आठवडाभरासाठीच ठेवा आणि वर्षाची अनामत भरू नका. पहिल्या दिवशी वजन करून घ्या आणि दर महिन्याला वजनाची नोंद मागा. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी घटलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. हेळसांड दिसली आणि मालक दाद देत नसतील, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर फोन करा.